सत्तेचाळीस आणि एक्कावन्न

डॉक्टर लिंडक्विस्टने दाताच्या एक्स-रेच्या दोन्ही फिल्मा खिडकीच्या उजेडात धरल्या आणि म्हणाला, "घाबरू नका मिसेस फुर्तादो, किडलेले दात दोन नाहीत. एकच आहे. दुसरा फोटो जरा बाजूनं घेतलाय, म्हणून वेगळा दिसतोय, इतकंच." तो बापडा चांगली बातमी सांगत होता. इदालीनाच्या तोंडात कापसाचे बोळे कोंबलेले होते, त्यामुळे तिला हो किंवा नाही काहीच म्हणता आलं नाही. ती त्या दोन करड्या चौकोनांकडे पाहत राहिली. दात तिथेच होता, डॉक्टरची गुलाबी बोटं तिथेच होती, पण तिला दिसत होती वेगळीच फिल्म. ओळीने तीन बुडबुडे, मग थोडी मोकळी जागा, मग स्वल्पविरामासारखी वाकडी रेघ. नळाच्या वेल्डिंगचा सत्तेचाळीस नंबरचा जोड. दोष चालण्याएवढे बारीक होते, म्हणून तो तिने गेल्या आठवड्यात मंगळवारी पास केला होता. आणि या सोमवारी एक्कावन्न नंबरचा जोड तिच्या दिव्याच्या काचेवर आला, त्यातही तीन बुडबुडे होते, जरा तिरपे, जरा जवळजवळ, आणि वाकडी रेघ होती. तेव्हा तिच्या मनात फक्त एवढंच आलं होतं की वेल्डर तिबोदोचा हात आजकाल सगळीकडे सारखाच चालतो. तिने कौतुक केलं होतं. कौतुक करून खाली सही ठोकली होती.

दवाखान्यातून बाहेर पडली तेव्हा एप्रिलचं पांढरं ऊन होतं आणि तिचा डावा गाल तिच्याजवळ नव्हता. सुई दिलेली होती. बस आली, थांबली, ड्रायव्हरने तिच्याकडे पाहिलं आणि गेला. ती चालत निघाली. असं होऊ शकतं, ती स्वतःला समजावत होती, एकाच वेल्डरच्या हातून दोन जोडांत सारखे दोष येऊ शकतात. पण तिला माहीत होतं की येत नाहीत. बुडबुडा हा बुडबुडा असतो, तो वितळलेल्या लोखंडात कुठे अडकून बसेल हे त्या लोखंडालाही ठाऊक नसतं. सहा वर्षांत तिने काही हजार जोड पाहिले होते, त्यातले दोन जोड कधी एकसारखे निघाले नाहीत. जाळी विणणाऱ्या बायकांत ती वाढली होती. फाटक्या जाळ्याची दोन भोकं कधी सारखी नसतात हे तिला दहाव्या वर्षी कळत होतं. मग सोमवारी काय झालं होतं? सोमवारी कपाट भरून पाकिटं आली होती, खालून माणसं येऊन विचारत होती, झालं का, झालं का, बोट पुढच्या सोमवारी पाण्याखाली जाणार आहे. त्या गर्दीत तिच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. डोळ्यांनी तिला सांगितलंही होतं. तिनेच ऐकलं नाही. आज एका दंतवैद्याने ते मोठ्याने म्हटलं तेव्हा कुठे ऐकू आलं.

क्विनॅगच्या बोटी बांधणाऱ्या यार्डात तिला सगळे ओळखत. फुर्तादोबाईच्या काचेवरून काही निसटत नाही, असं म्हणत आणि तिला ते आवडायचं, उगाच कशाला नाकारा. ही नोकरी तिला बेल्मिरोने लावली होती. बेल्मिरो तिचा दीर. तिचा नवरा जर्मानो मासेमारीच्या ज्या ट्रॉलरवर होता ती ट्रॉलर एका साध्या, शांत फेब्रुवारीच्या दिवशी गेली. वादळ नाही, धुकं नाही. एक फळी सापडली, बाकी काही नाही. काय झालं ते कुणालाच कळलं नाही, आणि ते न कळणं इतकी वर्षं तिच्या घरात तिच्याबरोबर राहत होतं. तिसऱ्या महिन्यात बेल्मिरो आला, टोपी हातात घेऊन स्वयंपाकघरात बसला आणि म्हणाला, "वहिनी, तुझे डोळे फुकट चाललेत. जाळी काय कुणीही शिवेल." तो यार्डात जोडांचे एक्स-रे काढायचा. किरणं सोडणारी मटाराएवढी गोळी शिशाच्या जड डब्यात असते, ती लांब काठीच्या टोकाला बांधून नळाजवळ न्यायची, पलीकडे फिल्म लावायची आणि आपण दूर पळायचं. ते या कामाला गळ टाकणं म्हणत. मासेमाऱ्याचा मुलगा शेवटी गळच टाकतोय, अशी बेल्मिरो स्वतःचीच थट्टा करायचा. प्रत्येक जोडाच्या तीन फिल्मा, तीन बाजूंनी. नळावर शिशाचे छोटे आकडे चिकटवायचे, ते फिल्मवर पांढरे उमटतात, म्हणजे जोड कोणता ते कळतं. मग पाकीट वर इदालीनाकडे. दीर खाली अंधारात फोटो काढणार, वहिनी वर उजेडात वाचणार. घरचाच धंदा, लोक म्हणत.

यार्डातली पहिली अणुबोट, अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी, जेव्हा स्वतःच्या जोरावर नदीत सरकली तेव्हा ती दोघं काठावर शेजारी शेजारी उभी होती. अख्खं गाव लोटलं होतं. इदालीनाला त्या दिवसातली एकच गोष्ट नीट आठवते, की धूर नव्हता. इंजिन चालू आणि धूर नाही, धडधड नाही, तेलाचा वास नाही. एवढं मोठं काळं धूड, आणि गेलं आपलं मुकाट्याने. लोक टाळ्या वाजवत होते आणि तिला मात्र भीती वाटली. बेल्मिरो तिच्या कानाशी म्हणाला, "आत नुसतं पाणी फिरतंय बघ. तापलेलं पाणी. आणि ते पाणी ज्या नळांतून फिरतंय त्यातला एक ना एक जोड तू पाहिलायस." तेव्हा तिला बरं वाटलं होतं. आपण पाहिलंय, म्हणजे आता काही होणार नाही. इतकी साधी होती ती तेव्हा.

यार्डाच्या फाटकावर पहारेकऱ्याने विचारलं, "आज सुट्टी ना तुमची?" तिने अर्ध्या तोंडाने काहीतरी सांगितलं. फिल्मांच्या खोलीत कुणी नव्हतं. तिने दोन्ही पाकिटं काढली, दिवा लावला आणि दोन फिल्मा काचेवर एकावर एक ठेवून हळूच सरकवल्या. एक बुडबुडा बुडबुड्यावर बसला. मग दुसरा. तिसरा थोडा बाहेर राहिला, बाजूने घेतलेल्या फोटोत राहतो तसा. वाकडी रेघ वाकड्या रेघेत मिसळून गेली. फक्त आकडे वेगळे होते, ४७ आणि ५१, दोन्ही स्वच्छ, पांढरे, सरळ ओळीत लावलेले. बेल्मिरो आकडे नेहमी सरळ लावायचा, बाकीच्यांचे वेडेवाकडे असत. तिने दिवा बंद केला आणि अंधारात स्टुलावर बसून राहिली. एक्कावन्न नंबरचा जोड आजवर कुणी पाहिलेलाच नव्हता. अणुभट्टीच्या भिंतीमागे, खाली कोपऱ्यात, तापलेल्या पाण्याच्या मुख्य नळावर तो होता, आणि सोमवारी त्याच्याबरोबर शंभरावर माणसं समुद्रात खाली जाणार होती. तो जोड फुटला तर ते पाणी विष घेऊन वाफ होऊन बाहेर पडणार, आणि बोटीत पळायला जागा नसते. आणि कार्डावर काय लिहिलं होतं? 'योग्य.' खाली तिची दोन अक्षरं.

बेल्मिरोचं घर चर्चच्या मागे. दार त्याच्या बायकोने, झुल्मीराने उघडलं. तिला पाचवा महिना होता. याआधीची तीन मुलं पोटातच गेलेली, त्यामुळे ती हल्ली घरातसुद्धा भिंतीला धरून चालायची, आणि इदालीना येणाऱ्या बाळाची धर्ममाता होणार हे कधीचं ठरलेलं होतं. "ताई, तोंडाला काय झालं तुमच्या? वाकडंच दिसतंय," झुल्मीरा म्हणाली आणि उत्तराची वाट न पाहता कोबीच्या पानांचं सूप पुढ्यात ठेवलं. इदालीनाने चमचा तोंडात घातला. सूप गरम आहे की गार ते तिला कळेना. हनुवटीवरून ओघळ आला तेव्हा झुल्मीरा हसत हसत पुसायला धावली, लहान मुलाला पुसतात तशी, आणि म्हणाली, "आत्तापासून सवय करून घेते मी." इदालीनाही हसली. हसताना तिला वाटलं, मी आत्ता इथून उठून घरी गेले तर काय बिघडणार आहे? जोड चांगलाच असेल. तिबोदोचा आहे.

बेल्मिरो मागच्या पायरीवर बसून बूट साफ करत होता. ती शेजारी बसली. ती म्हणाली, "एक्कावन्न नंबर तू काढलाच नाहीस."

त्याचा हात थांबला नाही. बूट चांगला चकचकीत होईपर्यंत तो घासत राहिला. मग त्याने विचारलं, "कुणी सांगितलं?"

"तुझ्याच फिल्मांनी."

"सोमवारी तर काही बोलली नाहीस. मला वाटलं, बघूनही गप्प बसलीस. माझ्यासाठी."

हे ऐकून तिला जो धक्का बसला तो दवाखान्यातल्यापेक्षा मोठा होता. म्हणजे चार दिवस हा माणूस असं धरून चालला होता की तिला माहीत आहे. येत्या रविवारी चर्चमध्ये भेटली असती तरी त्याने तिच्याकडे त्याच नजरेने पाहिलं असतं, जशी दोघांची गाठ बांधलेली. "मला दिसलंच नाही," ती म्हणाली, आणि हे खरं असूनही तिला ते खोटं वाटलं.

"तिथं काठी पोचत नाही वहिनी," बेल्मिरो म्हणाला. "वळायलाच जागा नाही. गोळी हातभर चिमट्यात धरून, पोटाशी घेऊन, पालथं सरपटत जावं लागतं. लावायची, मागं सरकायचं, परत जाऊन काढायची. तीनदा. माझा किरणं मोजायचा बिल्ला आधीच भरलाय या तिमाहीत, तो मी खणात ठेवून गेलो असतो, ते काही नाही. पण इथं," त्याने मांडीवर हात ठेवला, "इथं धरावी लागते ती गोळी. तीन गेली आमची. डॉक्टर म्हणतो संबंध नाही. त्याला काय माहीत? कुणालाच काय माहीत? हे सगळंच नवीन आहे."

"हे बाळ तर आधीच राहिलंय, त्याला आता काय होणार? पाचवा महिना आहे तिला."

"मला कळतं गं ते. पण मी गुडघ्यांवर बसलो त्या भोकासमोर आणि माझे पायच पुढं जाईनात. मग सत्तेचाळीसचाच परत काढला. आकडे बदलले." त्याने बूट खाली ठेवला. "तिबोदोचा जोड आहे. सात वर्षांत त्याचा एकही जोड कापावा लागलेला नाही. तो स्वतः जातोय सोमवारी त्या बोटीतून. त्याचा विश्वास आहे, तू कशाला एवढी घाबरतेस?"

"त्याचा विश्वास माझ्या सहीवर आहे," इदालीना म्हणाली.

"मग तू सांगणार."

"तू सांग. उद्या सकाळी जाऊन तूच सांग, म्हणजे थोडं तरी—"

"मला हाकलतील. तुलाही. आणि या गावात तुला भाकरी कोण देणार आहे, मी? वहिनी, जर्मानो गेला तेव्हा मी तुला तोंड बंद ठेव, रडू नको, असं कधी म्हटलं नाही. आज म्हणतोय. एवढंच एकदा." आतून झुल्मीराने विचारलं, अजून सूप हवंय का. दोघांनी एकाच वेळी नको म्हटलं.

घरी आल्यावर तिचा गाल हळूहळू परत आला, मुंग्या येत, मग दुखत. ती पलंगाच्या कडेला बसली होती आणि तिला राग येत होता, पण कुणाचा ते ठरत नव्हतं. बेल्मिरोचा यावा तर त्याचे ते पुढे न गेलेले पाय डोळ्यांसमोर येत. स्वतःचा यावा तर ती तरी काय, सोमवारी दमली होती. माणसं दमतात. ती मनाशी मोजू लागली, बोटीवर कोण कोण असेल, आणि तिला एकाही खलाशाचा चेहरा आठवेना. फक्त बायका दिसत होत्या, कुठल्या तरी स्वयंपाकघरात बसलेल्या, आणि टोपी हातात घेऊन आलेला कुणीतरी माणूस त्यांना सांगत होता की काय झालं ते कळत नाही. त्या बायकांना कळणार नाही आणि आपल्याला मात्र कळलेलं असणार. हा विचार आला आणि मग दुसरा कुठलाच आला नाही. आपण सांगणार आहोत हे तिला समजलं. त्यात धैर्य वगैरे काही नव्हतं, तिला नुसतं ते सहन होणार नव्हतं.

शुक्रवारी सकाळी ती हाल्डेनसाहेबाच्या खोलीत उभी राहिली. हाल्डेन तपासणी खात्याचा मुख्य, उंच, थंड डोळ्यांचा, पेन्सिल कानावर ठेवणारा. तिने दोन्ही फिल्मा त्याच्या खिडकीवर धरून सरकवून दाखवल्या. तो बराच वेळ बघत राहिला. "तुमच्या हे आज लक्षात आलं?" त्याने विचारलं.

"काल. दंतवैद्याकडे."

"दंतवैद्याकडे," तो म्हणाला. त्याला वाटलं ती वेड पांघरतेय. मग त्याने कार्ड पाहिलं. "बी. फुर्तादो. आणि खाली आय. फुर्तादो. नात्यातले?"

"माझा दीर."

तो ओरडेल असं तिला वाटलं होतं, त्याची तिने तयारी केली होती. तो ओरडला नाही. त्याने खुर्ची ओढून तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि या मऊपणाची तयारी तिने केलेली नव्हती. आता ते झालं होतं. तोंडातून निघालं होतं आणि खोलीत सगळीकडे पसरलं होतं, आणि ते गोळा करून परत आत घालता येणार नव्हतं. हाल्डेन फोनवर बोलत होता. एक्कावन्नचे फोटो आजच्या आज हवेत. नाही, कापत बसायला वेळ नाही, आधी फोटो. मग तो पलीकडचं ऐकत राहिला आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "दुसरा कुणीच मावत नाही तिथं? बरं. मग त्यालाच पाठवा. कामावरून काढायचं ते नंतर."

मावणारा बेल्मिरो एकटाच होता. तो अंगाने बारीक होता, जर्मानोसारखाच. दुपारी जिन्यावर ती त्याच्यासमोर आली. त्याच्या एका हातात शिशाचा डबा होता आणि दुसऱ्या हातात शिशाच्या आकड्यांची थाळी. ती बाजूला सरली. काहीतरी बोलायला हवं होतं, माफी मागायला हवी होती, किंवा जाऊ नकोस म्हणायला हवं होतं. तिने तोंड उघडलं आणि म्हणाली, "जेवलास का?"

"झुल्मीराला अजून काही सांगितलेलं नाही," तो म्हणाला. "तू जाऊ नकोस तिच्याकडे." आणि खाली उतरून गेला. त्याच्या आवाजात राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

शनिवारी सकाळी पाकीट तिच्या टेबलावर होतं. ते आपल्याकडे येईल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. तिने हाल्डेनकडे पाहिलं. तो दारात उभा होता. "दुसऱ्या माणसानं वाचलंय आधी," तो म्हणाला. "त्याचं मत मी तुम्हाला सांगणार नाही. चूक तुमच्या काचेवर झाली, तिथंच तिचा शेवट करा. तुमचं पुढचं काय ते सोमवारनंतर बघू."

तिने दिवा लावला. पहिली फिल्म काचेवर ठेवली. एक्कावन्न, आकडे सरळ. जोड एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग, करडा, शांत. बुडबुडा नाही, रेघ नाही. तिने भिंग घेतलं आणि कडा तपासल्या. मग दुसरी फिल्म. मग फिल्म उलटी करून, तिरपी धरून, दिवा कमी करून. काही नव्हतं. सहा वर्षांत इतका चांगला जोड तिने पाहिला नव्हता. तिबोदोने त्या कोंदट कोपऱ्यात आडवं पडून हे केलं होतं. बेल्मिरोचं खरं होतं. ती तिसरी फिल्म पुन्हा पुन्हा पाहत राहिली, भिंगाखाली इंच इंच, घाम पुसत, डोळे मिटून परत उघडत. एक बारीकशी भेग. केसाएवढी. एवढी तरी असेल कुठेतरी, म्हणजे त्याचं आत जाणं फुकट गेलं नाही. असू दे, देवा, एक तरी असू दे. आणि मग आपण काय मागतोय हे तिच्या कानांवर पडलं. ज्या माणसांसाठी ती काल तोंड उघडून आली होती त्यांच्याच नळात ती भेग मागत होती. कालपासून, बहुधा फोनवरचं ते बोलणं ऐकल्यापासूनच, ती हेच मागत होती. हे आपलंच मन आहे, ही दुसरी कुणी बाई नाही, हे तिला काही केल्या पटेना. तिने भिंग खाली ठेवलं. ते टेबलावर थोडं गडगडलं.

"काय दिसतंय?" हाल्डेनने विचारलं.

"जोड चांगला आहे."

"मलाही तेच सांगितलंय," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच जरासं हसला. "मग बोट सोमवारी जाणार. सही करा."

तिने कार्ड ओढलं, पेन उचललं. सही करण्याआधी फिल्मा पाकिटात परत घालाव्यात म्हणून तिने पाकीट उघडं केलं, तेव्हा तळाशी आणखी एक फिल्म चिकटून राहिलेली होती. तिने ती काढून काचेवर धरली. एक्कावन्न. चौथी बाजू. अगदी स्वच्छ, कड कुठे धुरकटलेली नाही, म्हणजे घाई केलेली नाही, गोळी नीट बसवून, वेळ पूर्ण भरू देऊन मग काढलेली. जोडाच्या तीन फिल्मा लागतात. तीनच लागतात हे यार्डात झाडूवाल्यालाही माहीत होतं. इदालीनाने पेन खाली ठेवलं. हाल्डेन वाट पाहत होता आणि ती त्या चौथ्या फिल्मकडे पाहत होती. ही कुणी मागितली नव्हती, सोमवारी न काढलेल्या फिल्मांच्या बदल्यात ही एक जादा होती. तिसऱ्या खेपेनंतर तो बाहेर आला असणार, उठून जायला मोकळा होता, आणि मग पुन्हा गुडघ्यांवर बसून, गोळी पोटाशी धरून, तो एकदा आणखी आत गेला होता.